कापसाचे दोन पदर

शेवट आधीच सांगून टाकते. पाय सरळ झाला. गोष्ट सांगताना लोकांना ताटकळत ठेवायचं, ही खोड मला कधी आवडली नाही. पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हाही मी प्रयोगाचं उत्तर फळ्यावर आधी लिहायची आणि मग म्हणायची, आता इथपर्यंत कसं पोचायचं ते बघा. तर पाय सरळ झाला. चोवीस डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी साडेदहाला. मी तिथे हजर होते. आता इथपर्यंत कसे पोचलो ते ऐका.

पाय होता मामांच्या नातीचा. मामा म्हणजे माझे कोणी नव्हेत. इस्पितळात ज्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांतले ते एक. अडतीस वर्षं त्यांनी प्लास्टर रूममध्ये एकाच टेबलाशी उभं राहून लोकांची मोडकी हाडं बांधली. खोली तशी लहानच. एक नळ, एक स्टीलचं घमेलं, कापसाच्या गुंडाळ्यांचं कपाट, आणि फरशीवर पांढरे ठिपके. ते ठिपके कुठल्याही ब्रशने निघत नाहीत. मामांच्या चपलांवरही तेच ठिपके. मामी म्हणतात, "हा माणूस निवृत्त झाला, पण इस्पितळ अजून रोज थोडं थोडं घरी आणतो."

माझी त्यांची ओळख सहा वर्षांपूर्वी झाली. मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडून घेतलं.

"हात ढिला सोडा, बाई."

"सोडलाय."

"नाही सोडलात. तुम्ही तो मला शिकवताय."

मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आहेत. त्यांनी कापूस गुंडाळला, मोजून दोन पदर. पट्टी पाण्यात धरली, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, हलकी पिळली आणि फिरवायला घेतली. "आता गरम लागेल हं," म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत आहे, प्लास्टरमध्ये पाणी मुरलं की उष्णता बाहेर पडते, मी हे शिकवते. "मग तर रडायला काहीच कारण नाही," मामा म्हणाले.

मी विचारलं, कापूस एवढाच का? हाडाला टोचेल ना?

"दोनच पदर. तिसरा घातला की प्लास्टर कापसाला बसतं, हाडाला बसत नाही. मग आत हाड मोकळं, आपल्या मर्जीने हलतं. वरून सगळं कसं छान दिसतं."

मग त्यांनी कानामागची निळी पेन्सिल काढली आणि प्लास्टरवर दोन तारखा लिहिल्या. घातल्याची आणि काढायची. सगळ्यांच्या प्लास्टरवर लिहितात. इस्पितळाचा तसा काही नियम नाही. त्यांचं म्हणणं, काढायची तारीख लिहिलेली असली की माणूस घरी जाऊन रडत बसत नाही.

तेव्हापासून ते आमच्या चर्चच्या गव्हाणीचेही डॉक्टर झाले. गव्हाणी म्हणजे नाताळचा देखावा. मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन ज्ञानी पुरुष, एक गाय, एक गाढव, सात मेंढरं आणि बाळ येशू. सगळ्या मूर्ती प्लास्टरच्या, माझ्यापेक्षा म्हाताऱ्या, आणि माझ्यासारख्याच कुठे ना कुठे तडा गेलेल्या. वर्षभर त्या माझ्या माळ्यावर असतात, कारण माझं घर चर्चला लागून आहे आणि "बाई शिस्तीच्या आहेत" असा फादरांचा गैरसमज आहे. नोव्हेंबर लागला की मी खोकी खाली काढते, मामा येतात, माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरतात आणि कोणाचा कान, कोणाचं शिंग बसवून देतात. रंग वाळायला वेळ लागतो म्हणून एवढ्या लवकर.

निवृत्तीनंतरही इस्पितळाने मामांना आठवड्यातला एक दिवस ठेवून घेतलं होतं, मंगळवार. त्या दिवशी वाकड्या पायांची बाळं येतात. काही बाळांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं, तळवा वर आणि आत, गोल्फच्या काठीसारखा. नवजात बाळाची हाडं मऊ. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडंसं बाहेर वळवायचं आणि तिथेच प्लास्टरमध्ये धरून ठेवायचं. सात दिवसांनी प्लास्टर भिजवून काढायचं, आणखी थोडं वळवायचं, नवं घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं. मग टाचेमागची ताठ दोरी सुईएवढ्या छेदाने सैल करायची, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे, आणि त्यानंतर मधे दांडी असलेले बूट. कामाला चार हात लागतात. दोन हात पाऊल धरतात, दोन पट्टी फिरवतात. धरणारे हात डॉक्टरीणबाईंचे, फिरवणारे मामांचे. या डॉक्टरीणबाई विद्यार्थिनी असताना पट्टी कशी ओली करायची हे मामांकडूनच शिकल्या. अजून त्यांना "मामा, हे बरोबर आहे ना?" असं विचारायची सवय आहे. आपल्या हाताखालच्या माणसाला असं विचारणारे डॉक्टर मी फारसे पाहिले नाहीत.

गेल्या सप्टेंबरात मामांची लेक बाळंत झाली. जावई शीतगृहात पाळीवर, म्हणून पहिल्या दिवशी मामा, मामी आणि मी असे आम्ही तिघे गेलो. मुलगी ठसठशीत, डोकंभर केस. मामींनी लगेच ठकी म्हणायला सुरुवात केली. दुपटं सोडलं आणि उजवं पाऊल दिसलं. आत वळलेलं.

लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, चालेल ना ती?"

"चालेल?" मामा म्हणाले. "धावेल. आणि आईच्या आईसारखी दारापर्यंत धावत जाऊन भांडेल."

"माझे पाय सरळ होते म्हणूनच फसले," मामी म्हणाल्या. "वाकडे असते तर तुमच्या घरापर्यंत पोचलेच नसते."

लेक हसली. मग म्हणाली, "तुम्हीच घालाल ना प्लास्टर? दुसऱ्या कोणाला नका देऊ."

"मीच घालीन."

जिन्यात मात्र मामा कठडा धरून थांबले. "ताठ आहे बाई. काही पावलं लोण्यासारखी वळतात. हे बोटाला दाद देत नाही." मी सरळ विचारलं, नाही वळलं तर? "तर मोठं ऑपरेशन. आणि मोठं ऑपरेशन झालेलं पाऊल आयुष्यभर ताठ राहतं. चालते पोर, पण मोजून चालते."

दहा दिवसांनी पहिलं प्लास्टर, पुढच्या मंगळवारी दुसरं, मग तिसरं. लेक दर वेळी बाळाला पाजत बसायची, कारण तोंडात दूध असलं की पोर पाय सोडते. मामा पट्टी फिरवायचे. सगळं रीतीप्रमाणे चाललंय असं आम्हांला वाटत होतं.

तिसऱ्या प्लास्टरनंतरच्या शनिवारी लेकीला ठकीची तीनच बोटं बाहेर दिसली. बोटं बाहेर दिसलीच पाहिजेत, तो पहिला नियम. तिला वाटलं पोरीने बोटं आखडून घेतली असतील. मंगळवारपर्यंत एकही दिसेना. प्लास्टर मोज्यासारखं खाली घसरलं होतं आणि आत पाऊल आपल्या जुन्या जागी परत गेलं होतं. टाचेला लाल जखम.

डॉक्टरीणबाईंनी काढलेलं प्लास्टर हातात घेतलं आणि आतला कापूस बोटाने एकेक पदर सोडवत मोजला. "एक. दोन. तीन. चार. पाच." मग वर पाहिलं. "मामा, पाच?"

मामा नळाकडे बघत म्हणाले, "गारवा होता त्या दिवशी."

"मामा."

"रडत होती हो ती."

"सगळीच रडतात. तुम्हीच मला शिकवलंत की रडण्याकडे कान द्यायचा, हात द्यायचा नाही."

अडतीस वर्षांत मामांनी मोजायची चूक कधी केली नव्हती. ही चूक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून झालीही नसती. नवख्याने निष्काळजीपणाने सैल घातलं असतं. मामांनी मायेने घातलं, एकेक पदर नीट बसवून, इतकं सुबक की वरून डॉक्टरीणबाईंनाही कळलं नाही.

जखम भरेपर्यंत दोन आठवडे प्लास्टर घालता येईना. तीन आठवड्यांचं काम पाण्यात. लेक बापाला एक शब्दही बोलली नाही, आणि ते जास्त वाईट. मामींना मात्र न बोलता राहता येत नाही. "जगाच्या पोरांना दगडासारखे हात, आणि घरच्या पोरीला कापूस!" एवढं बोलून त्या स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

मामांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, इतर बाळांचं करीन, ठकीला हात लावणार नाही. पुढची दोन प्लास्टरं एका नर्सने फिरवली. नर्स चांगली होती, पण तिला हाताखालचं पाऊल वाचता येत नव्हतं. डॉक्टर धरायच्या तिथे पट्टी घट्ट व्हायला क्षणभर उशीर व्हायचा, आणि तेवढ्यात पाऊल केसभर मागे सरकायचं. मामा त्या वेळात बाहेरच्या बाकावर बसायचे, खिशात हात घालून. दुसऱ्या मंगळवारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि लेकीसमोरच म्हणाल्या, "असंच चाललं तर मला ऑपरेशनचा विचार करावा लागेल. मला मामांचे हात हवेत. मामा, हे मी विनंती म्हणून सांगतेय, नंतर हुकूम म्हणून सांगेन."

मामा उठले आणि चालू लागले.

हे मला मामींनी सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. पण शनिवारी मामा माझ्याकडे येणारच होते, गव्हाणीच्या कामाला. म्हटलं, तेव्हा बघते.

आले. नेहमीसारखी पिशवी, पट्ट्या, पातेलं मागून घेतलं, वर्तमानपत्र पसरलं. मी चहा ठेवला. त्या वर्षी घोटाळा माझ्या हातून झाला होता. गेल्या जानेवारीत मी बाळ येशूला गाढवाखाली ठेवून खोकं बांधलं होतं. खोकं उघडलं तर बाळाचं पाऊल घोट्यात तुटून वेगळं पडलेलं. उजवंच. मी मुद्दाम केलं नव्हतं, आणि असल्या योगायोगांना काही अर्थ असतो असं मी मानत नाही. पण मामांच्या समोर ते ठेवताना मला बरं वाटलं नाही.

त्यांनी तुकडा उचलला, जागेवर टेकवून पाहिला, आणि कामाला लागले. मी मेंढरांवरची धूळ पुसत होते. मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "बाई, एक विचारू? तुम्ही रविवारी मुलांना धर्म शिकवता. देवाला वरूनच सगळं सरळ करता आलं नसतं का? खाली कशाला आला? तेही असा, लंगोटातला?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. तीस वर्षं मी ते मुलांकडून वहीत लिहून घेतलंय, तीन मुद्द्यांत. मी सुरू केलं. "पहिला मुद्दा, देवाचं माणसावर प्रेम आहे, आणि माणूस पापामुळे त्याच्यापासून दुरावला होता. दुसरा, तो राजा होऊन आला नाही, गरिबाच्या घरी, गोठ्यात आला, म्हणजे कोणालाही असं वाटू नये की तो आपल्यासाठी नाही. तिसरा, तो खराखुरा माणूस झाला. भूक, थंडी, दुखणं, मरण, सगळं त्याने अंगावर घेतलं आणि आपल्याला आतून सोडवलं."

"आतून," मामा म्हणाले.

"हो. लांबून नाही. हेच नाताळचं सार. बाकी तारे आणि केक नंतरचे."

"म्हणजे हात लावायला आला."

"असं म्हणा."

"आणि लावून घ्यायला." त्यांनी बाळाला उलटं करून घोट्याभोवती पट्टी फिरवली. "बाळ म्हणजे काय बाई, दुसऱ्याच्या हातातला जीव. मान धरली नाही तर मान पडते. त्याचं ढुंगण कोणीतरी धुतलं असेल. सुताराचे खरबरीत हात त्याला लागले असतील. एखाद्या वेळी चुकीचंही धरलं असेल कोणी. तरी आला. त्याला आपल्या हातांची भीती वाटली नाही."

मी मेंढरू खाली ठेवलं. माझ्या तीन मुद्द्यांत हे नव्हतं. देवाने माणसाला हात दिला, हे मी शिकवत आले होते. देवाने स्वतःला माणसाच्या हातात दिलं, हे मी ऐकलं होतं, वाचलं होतं, पण प्रश्नपत्रिकेत कधी घातलं नव्हतं.

"आणि मला माझ्याच हातांची भीती वाटते," मामा म्हणाले. "पोरीने विश्वासाने ठकीला माझ्या हातात दिलं. तिला दुखू नये म्हणून मी मधे कापूस घातला. तिला दुखू नये म्हणून की मला तिचं हाड लागू नये म्हणून, देव जाणे."

मी काहीतरी समजावणीचं बोलणार होते. पण तेवढ्यात माझं लक्ष टेबलावर गेलं.

"मामा," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"काय?"

"प्लास्टरच्या मूर्तीला कापूस?"

त्यांनी खाली पाहिलं. पट्टीच्या कडेतून कापूस बाहेर आला होता, चांगला जाड. बोलता बोलता हातांनी आपल्या नव्या सवयीने काम केलं होतं. मूर्ती जोडताना मधे कापूस घालायचाच नसतो. तुटलेल्या दोन्ही बाजू ओल्या करायच्या, ओलं प्लास्टर लावायचं आणि थेट चिकटवायचं. मामांनी दोन बोटांनी पाऊल धरलं आणि हळूच ओढलं. पट्टी, कापूस, पाऊल, सगळं मोज्यासारखं हातात आलं. बाळ टेबलावर, पाऊल मामांच्या तळहातावर.

मी हसले. खरं सांगते, हसायची वेळ नव्हती, पण हसले. मामांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग त्या कापसाकडे पाहिलं, पदर मोजले, आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी शेवटी ते नुसतं हसणं राहिलं नव्हतं, म्हणून मी चहा गाळायला आत गेले आणि लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावला.

बाहेर आले तेव्हा कापूस कचऱ्याच्या टोपलीत होता. मामांनी पाऊल ओलं केलं होतं, घोटा ओला केला होता, आणि ते अंगठा दाबून बसले होते.

"किती वेळ धरायचं?" मी विचारलं.

"गरम होऊन गार होईपर्यंत. हे तर तुम्हीच शिकवता ना?"

चहा त्यांनी डाव्या हाताने प्यायला. मी त्यांना बाकी काही समजावलं नाही. मला समजावण्याची इतकी हौस असून नाही समजावलं, याची कोणीतरी नोंद घ्यावी. जाताना फक्त विचारलं, "मंगळवारी?"

"मंगळवारी," ते म्हणाले.

मंगळवारी मामा बाकावर बसले नाहीत. थेट आत गेले, बाह्या सरसावल्या आणि लेकीला म्हणाले, "आज ती ओरडेल. तू माझ्याकडे बघू नको, तिच्याकडे बघ."

लेक म्हणाली, "तुम्ही कोणाकडे बघणार?"

"पायाकडे."

एवढंच बोलणं झालं. नर्सने कापूस पुढे केला. मामांनी दोन पदर घेतले आणि बाकीची गुंडाळी परत दिली. डॉक्टरीणबाईंनी पाऊल धरलं. पट्टी फिरू लागली. ठकीने दूध सोडून असा सूर लावला की बाहेरच्या रांगेतली बाळंही सुरू झाली. मामांचे हात थांबले नाहीत. ते तिच्याशी सगळा वेळ बोलत होते. "हो हो, माहीत आहे. आजोबा वाईट आहे. लिहून ठेव. मोठी झालीस की दोन लाथा घाल, सरळ पायाने घाल." मग प्लास्टर गरम व्हायला लागलं. ती ऊब बाळांना आवडते, हे मामांनीच मला सांगितलेलं. ठकी उचकी देत शांत झाली. पाचही बोटं बाहेर दिसत होती, शेंगेतल्या दाण्यांसारखी. मामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि दोन तारखा लिहिल्या.

नंतरचं सगळं ओळीने झालं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं फार नाही. देवाची कृपा असली की गोष्ट कंटाळवाणी होते. आणखी तीन मंगळवार, आणखी तीन प्लास्टरं. दर वेळी पाऊल थोडं बाहेर. तीन डिसेंबरला डॉक्टरीणबाईंनी टाचेमागची दोरी सैल केली. शेवटचं प्लास्टर मामांनी घातलं आणि त्यावर काढायची तारीख लिहिली, चोवीस डिसेंबर. लेकीने ती वाचली. "बाबा, त्या दिवशी मंगळवारच आहे, की तुम्हीच ठरवलंत?"

"तीन आठवडे मोज. कॅलेंडर काही मी छापत नाही."

चोवीसला आम्ही सगळे गेलो. जावईसुद्धा रजा काढून आला होता आणि कोपऱ्यात अपराध्यासारखा उभा होता, कारण नसताना. ठकीला कोमट पाण्याच्या टबात धरलं. प्लास्टर भिजलं, मऊ झालं, मामांनी टोक सोडवलं आणि पट्टी उलटी फिरत फिरत निघाली. शेवटी कापूस. दोन पदर.

पाय बारीक दिसत होता, पांढुरका, पापुद्रे सुटलेला. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने पाऊल वर नेलं. गेलं. बाहेर वळवलं. वळलं. दुसऱ्या पावलाशी लावून पाहिलं. मग त्या बाजूला सरकल्या. "मामा, तुम्ही बघा," एवढंच म्हणाल्या.

मामांनी तळहात पुढे केला आणि ठकीचं पाऊल त्यावर ठेवलं. टाच टेकली, चवडा टेकला, करंगळीची बाजू टेकली. सगळा तळवा टेकला, एखादा शिक्का उठावा तसा. ठकीने आजोबांच्या हाताला एक लाथ मारली.

"ही पहिली," मामा म्हणाले.

लेक भिंतीला टेकून खाली बसली, त्याच ठिपक्यांच्या फरशीवर. साडीच्या पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीय." तीन महिन्यांत तिने आपणहून खायला मागितलेलं मी तेव्हाच ऐकलं. मामींनी लगेच पिशवीतून पाव-अंडी काढली आणि प्लास्टर रूममध्ये खायची मनाई असल्याचं सांगणाऱ्या नर्सच्या हातातही एक घास कोंबला. मामा मात्र नळाशी होते. कोमट पाणी, थोडा साबण. पापुद्रे सोडवत, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवत ते ठकीचा पाय उघड्या हाताने धूत होते. आणखी कितीतरी वेळ धूत राहिले. कोणी घाई केली नाही. मी देखील नाही.

पुढे अजून बूट आहेत. मधे दांडी असलेले, तीन महिने दिवसरात्र आणि मग काही वर्षं झोपताना. मामा ते रोज स्वतः तपासतात. काम संपलेलं नाही, पण आता ते नुसतं काम आहे, धाकधूक नाही.

संध्याकाळी पाचच्या मिस्साला, म्हणजे नाताळच्या उपासनेला, सगळे आले. मामा गेले काही रविवार मागच्या दाराजवळ उभे राहायचे. त्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसले, मांडीवर ठकी, तिच्या पायांत नवे बूट. तिने पाय हलवला की दांडी बाकाला लागून टक् असा आवाज यायचा. उपदेश चालू असताना बारा वेळा आला, मी मोजले. फादर चांगलं बोलले. देव आपल्यात राहायला आला, असं म्हणाले. मला माझे तीन मुद्दे ऐकू आले आणि चौथा, मामांचा, नाही आला, पण चौथा पुढच्या रांगेत टक् टक् करत होता, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

मग फादरांनी बाळ येशूला गव्हाणीत ठेवायला उचललं. मी शेजारीच उभी होते, मेणबत्ती धरून. ठेवता ठेवता ते थबकले आणि मूर्ती थोडी तिरकी करून बघायला लागले. उजव्या पायाच्या मागे, घोट्याच्या वर, निळ्या पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे काय आहे? 'घातलं', आणि नोव्हेंबरातली तारीख. खाली 'काढायचं', आणि त्यापुढे नुसती रेघ."

मामांनी मूर्तीवरही लिहिलं होतं, सवयीने. पण खालची ओळ लिहिताना त्यांचा हात थांबला असणार. या बाळाने माणसाचं शरीर घेतलं ते परत काढून ठेवायला नाही. निदान आमची श्रद्धा तरी तशीच आहे. हे मी फादरांना सांगू शकले असते, मुद्देसूद. पण चर्च माणसांनी भरलेलं होतं, आणि मेणबत्तीचं मेण माझ्या बोटांवर गळायला लागलं होतं.

"वाचत काय बसलात," मी म्हटलं. "ठेवा त्याला खाली. लोक उभे आहेत."